बोट गेल्यानंतर

भोसरी, तळवडे, कुदळवाडी किंवा चाकणजवळच्या कुरुळी-महाळुंगे भागात प्रेस शॉपमध्ये चार वर्षे काढलेल्या माणसाला विचारा, ‘बोट गेलेला’ एखादा तरी सहकारी त्याला आठवतो. पत्र्याची पट्टी डायखाली सरकवायची, पॅडल दाबायचे, ठोका पडला की जॉब उचलायचा. एका शिफ्टमध्ये हे हजारो वेळा चालते. त्यातला एखादा ठोका हात आत असताना पडतो आणि बोट जागेवर तुटते.

आता दोन कामगार डोळ्यांपुढे आणा. दोघेही पंचविशीतले, दोघांच्या उजव्या हाताची तर्जनी मुळापासून गेलेली. शस्त्रक्रिया सारखी, जखम भरायला लागलेला वेळ सारखा, मेडिकल बोर्डाने कागदावर लिहिलेला आकडाही एकच. सहा महिन्यांनी पहिला दुसऱ्या मशीनवर उभा आहे, ओव्हरटाइमसुद्धा करतो. दुसरा भाड्याची खोली सोडून गावी गेला आहे. चारचौघांत हात खिशातून बाहेर काढत नाही, रात्री दचकून उठतो, कंपनीचा विषय निघाला की उठून जातो. दोघांचे हाड सारखेच गेले. मग फरक कुठे पडला?

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या शास्त्राला पुनर्वसन मानसशास्त्र म्हणतात. इजा झाल्यावर माणूस पुन्हा कामाला, घराला आणि स्वतःला कसा लागतो, किंवा का लागत नाही, याचा ते अभ्यास करते. दुसऱ्या कामगाराला लोक ‘मनाने कच्चा’ म्हणून मोकळे होतात. या शास्त्राला ते मान्य नाही.

टक्के नक्की कशाचे?

कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे कामगारांच्या तोंडचे ‘ईएसआय’, 1948 चा. शरीराचा कोणता भाग गेला की कमाईची क्षमता किती टक्क्यांनी घटली असे धरायचे, याचा तक्ता त्याच्या परिशिष्टात दिला गेला. अंगठा पूर्ण गेला तर 30 टक्के, तर्जनी 14, मधले बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7. एका हाताची चारही बोटे गेली तर 50.

हिशेब असा होतो. महिना 15,000 रुपये पगार, म्हणजे रोजचे 500. त्याचे 90 टक्के 450 रुपये. तर्जनीचे 14 टक्के धरले तर रोजचे 63 रुपये, म्हणजे महिन्याला एकोणीसशेच्या आसपास. ही रक्कम आयुष्यभर मिळते आणि कामगार तिला ‘पेन्शन’ म्हणतात.

तक्त्याचा उपयोग मोठा आहे. प्रत्येक बोटासाठी कोर्टात भांडावे लागत नाही. मात्र तो हाड मोजतो, काम मोजत नाही. तर्जनी गेलेल्या फिटरला मायक्रोमीटर धरणे जड जाते. त्याच माणसाला फोर्कलिफ्ट चालवायला फारशी अडचण येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 साली अपंगत्वाची जी मांडणी स्वीकारली, तिचा गाभा हाच आहे. अपंगत्व शरीर, काम आणि भोवतालची माणसे-यंत्रे या तिन्हींच्या मेळातून ठरते. यांतली एक बाजू बदलली तर अपंगत्वही कमी-जास्त होते.

टक्क्यांच्या मोजणीतून एक विचित्र परिस्थिती निर्माण होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील आरक्षणासारख्या सवलतींसाठी 40 टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. एक बोट गेलेला माणूस सहसा तिथवर पोहोचत नाही. सरकारदरबारी तो दिव्यांग नाही, पण नवा ठेकेदार त्याचा हात पाहतो तेव्हा तो ‘फिट’ही नसतो. मनाची बरीच ओढाताण या दोन शिक्क्यांच्या मधल्या जागेत होते.

नसलेले बोट का दुखते?

तर्जनी गेलेल्या माणसाला तीच तर्जनी खाजते, वळते, जळते. घरच्यांना वाटते, याच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यालाही तसेच वाटू लागते, म्हणून तो डॉक्टरांनाही सांगत नाही. खरे तर हा अनुभव इतका सर्वसाधारण आहे, की अमेरिकेतील यादवी युद्धात जखमी सैनिकांवर उपचार केलेल्या सायलस वीअर मिचेल या डॉक्टरांनी 1871 मध्येच त्याला ‘फँटम लिंब’, म्हणजे आभासी अवयव, असे नाव दिले होते.

याचे मूळ मेंदूत आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर संपूर्ण शरीराचा जणू नकाशा असतो. वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदांनी 1930 च्या दशकात तो शोधून काढला. या नकाशात पाठीला थोडी जागा आहे आणि बोटांना भरपूर, कारण बोटांचे काम बारकाव्याचे असते. बोट तुटले तरी नकाशातली त्याची जागा तशीच राहते. चाकणच्या शेतकऱ्याला हे पटकन कळेल: जमीन कधीच कंपनीच्या ताब्यात गेली, पण फेरफार झाला नाही तर सातबाऱ्यावर जुनेच नाव दिसत राहते आणि जुन्या नावाने नोटिसाही येत राहतात. मेंदूच्या दप्तरी बोट अजून नोंदलेले असते, म्हणून त्याच्या नावाने वेदना येते.

हा नकाशा पुसला जाऊन शेजारचे अवयव ती जागा बळकावतात, असे बरीच वर्षे मानले जाई. टॅमर मेकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने त्याला धक्का दिला. हात काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर त्याच माणसांच्या मेंदूचे स्कॅन त्यांनी तपासले. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीनच जण होते, पण तिघांच्याही मेंदूत गेलेल्या हाताचा नकाशा जवळपास जसाच्या तसा आढळला.

चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आरशाचा उपाय सुचवला. दोन्ही हातांच्या मध्ये आरसा उभा करायचा आणि दुखरा हात त्याच्या मागे ठेवायचा. धडधाकट हाताची बोटे हळूहळू उघडा-मीट करत आरशात पाहायचे. डोळ्यांना दोन्ही हात पूर्ण दिसतात आणि आवळून बसल्यासारखे वाटणारे बोट काही जणांना सैल झाल्यासारखे वाटते. सगळ्यांना गुण येतोच असे नाही. तरी उपाय स्वस्त आहे, धोका कमी आहे आणि थेरपिस्टकडून शिकून घेतला तर घरीही करता येतो.

दुसरा त्रास थोटकाच्या टोकाला असतो. तिथली त्वचा इतकी हळवी होते की सदऱ्याची बाही लागली तरी कळ येते. त्यासाठी हाताचे थेरपिस्ट एक साधी गोष्ट करून घेतात. जखम पूर्ण भरल्यावर थोटूक आधी कापसाने, मग मऊ फडक्याने, मग खरखरीत टॉवेलने चोळायचे. त्यानंतर तांदळाच्या भांड्यात हात घालून आत फिरवायचा. दिवसातून थोडा थोडा वेळ काही आठवडे हे केले की मज्जातंतूंना स्पर्शाची सवय होते. हे शिकवायला कुणी भेटले नाही, तर माणूस तो हात कशालाच लागू देत नाही आणि हळवेपणा वाढत जातो.

न वापरलेला हात

पट्टी असते तोवर सगळे डाव्या हाताने होते. पट्टी निघाल्यावर उजव्या हाताने पेला धरायला गेले की तो निसटतो, सगळ्यांसमोर फजिती होते. डाव्या हाताने धरला की काम होते. अशा प्रत्येक प्रसंगातून मेंदू शिकतो: हा हात नको, तो हात घे. अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी याला ‘शिकलेला अवापर’ म्हटले. आधी माकडांवर आणि पुढे पक्षाघाताच्या रुग्णांवर काम करताना त्यांना दिसले, की हात हलवण्याची क्षमता शिल्लक असूनही तो वापरायचा नाही, हे मेंदू शिकून बसलेला असतो.

बोट गेलेल्या हातातही असेच काहीसे घडू शकते. उरलेली तीन बोटे आणि अंगठा शाबूत असूनही ताठरतात, पकड कमी होते. मग माणूस म्हणतो, ‘हा हात आता कामाचा नाही.’ तोवर ते खरेही झालेले असते, फक्त कारण निराळे असते. म्हणूनच डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून त्या हाताला रोज नेमून दिलेली कामे लागतात: बटणे लावणे, नट फिरवणे, पीठ मळणे, सही करणे. कामे सुरुवातीला हमखास जमतील इतकी सोपी असावीत आणि आठवड्याला थोडी थोडी अवघड होत जावीत.

ठोक्याची भीती

अपघातानंतर काही कामगारांना प्रेसचा आवाज सहन होत नाही. कुकरची शिट्टी, शेजारच्या वर्कशॉपमधला हातोडा, रस्त्यावर पडलेला पत्रा, कशानेही छाती धडधडते आणि तो क्षण डोळ्यांपुढे जसाच्या तसा उभा राहतो. एका भयंकर क्षणी आवाज, वेदना आणि दृश्य एकत्र आले, मेंदूने त्यांची गाठ मारली. आता तिन्हींतले एक आले की उरलेली दोन आपोआप येतात.

भीती टिकते ती टाळण्यामुळे. एमआयडीसीकडे जायचे नाही असे ठरवले की लगेच बरे वाटते. हे बरे वाटणे हीच मेंदूला मिळालेली बक्षिशी ठरते आणि पुढच्या वेळी टाळण्याची ओढ आणखी वाढते. आधी प्रेस टळते, मग ती लाइन, मग कंपनीचा गेट, शेवटी शहर.

हाताच्या इजांच्या मानसिक परिणामांवर काम करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रॅड ग्रुनर्ट यांनी यासाठी टप्प्याटप्प्याने कामाच्या जागी नेण्याची पद्धत वापरली. तिचा क्रम असा बसवता येतो. पहिल्या दिवशी फक्त गेटपर्यंत जायचे, ओळखीच्यांशी बोलायचे, परत यायचे. मग प्रेस शॉपच्या दारात उभे राहायचे. मग बंद मशीनजवळ जाऊन हात लावायचा. नंतर दुसरा कामगार चालवत असताना पाहायचे. सगळ्यात शेवटी, सुपरवायझर शेजारी असताना, स्वतः. प्रत्येक पायरीवर घबराट ओसरेपर्यंत थांबायचे. पळ काढून नव्हे, तर थांबून भीती कमी झाली, हे मेंदूला कळले पाहिजे.

इथे एक अट आहे आणि तिला सूट नाही. मशीन आधी सुरक्षित झाले पाहिजे. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ठोका न पडणारी यंत्रणा, हात आत गेला की प्रेस थांबवणारा सेन्सर आणि डायभोवतीचे गार्ड, हे सारे चालू स्थितीत हवे. पॅडलवर चालणारी, गार्ड काढून ठेवलेली, कधी कधी आपोआप दुसरा ठोका मारणारी तीच प्रेस तशीच असेल, तर कामगाराची भीती हा आजार नाही, ते शहाणपण आहे. त्यावर समुपदेशन म्हणजे शुद्ध फसवणूक.

‘माझंच लक्ष नव्हतं’

अपघाताच्या कागदावर अनेकदा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले जाते आणि कामगारही मान डोलावतो: माझंच लक्ष नव्हतं, रात्रीची पाळी होती, डुलकी लागली. साहेबाचा दबाव हे त्याचे एक कारण असते, पण त्यात मनाची एक चालही असते.

1977 साली रॉनी बुलमन आणि कॅमिल वॉर्टमन यांनी अपघातात लुळ्या पडलेल्या 29 जणांच्या मुलाखती घेतल्या. स्वतःला दोष देणारे अधिक खचलेले असतील असा आपला अंदाज असतो. आढळले उलटे. स्वतःला जबाबदार धरणारे तुलनेने बरे सावरले होते. दुसऱ्याला दोष देणारे आणि ‘हे टळले असते’ असे वाटणारे जास्त अडकले होते. पुढच्या सगळ्या अभ्यासांत असेच चित्र दिसले नाही, पण कारण समजण्याजोगे आहे. चूक माझी असेल तर पुढच्या वेळी मी ती टाळू शकतो. आयुष्याची दोरी माझ्याच हातात राहते. ‘काहीही, कधीही, कुणालाही होऊ शकते’ हे मान्य करणे त्याहून फार जड जाते.

हे समजून घेतले की दोन प्रश्न वेगळे ठेवता येतात. ‘माझंच लक्ष नव्हतं’ या विचाराने कामगाराला थोडा आधार मिळत असेल तर तो काढून घेऊ नये. मात्र त्याच वाक्याच्या आधारे चौकशी बंद करणे चूक आहे. बारा तासांच्या पाळीत लक्ष उडणारच, हे गृहीत धरून यंत्र बनवायचे असते. त्याने स्वतःला दोष दिला म्हणून बंद पडलेला सेन्सर दुरुस्त होत नाही.

‘बिचारा’ म्हटल्यावर काय होते

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बिअॅट्रिस राइट यांनी 1960 च्या आपल्या पुस्तकात एका गोष्टीकडे लक्ष वेधले: लोक एक उणीव पाहतात आणि तिची छाया सगळ्या माणसावर पसरवतात. बोट गेले, म्हणून हात गेला. हात गेला, म्हणून कमावता गेला. कमावता गेला, म्हणून लग्नाचे कठीण. मुलगी पाहायला गेलेल्या घरी आधी नजर हाताकडे जाते. हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसालाही पाणी विचारताना आवाज उगाच मऊ केला जातो. हे रोज घडत राहिले की माणूसही स्वतःकडे त्याच नजरेने पाहू लागतो. हात खिशात जातो तो इथे.

घरच्यांचे प्रेमही नकळत हेच करते. आई ताट हातात देते, बायको म्हणते, ‘राहू द्या, मी करते.’ पहिल्या पंधरवड्यात हे लागतेच. तिसऱ्या महिन्यातही तेच चालू राहिले, तर माणसाला रोज एकच निरोप मिळतो की तुझ्याने होणार नाही. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून ‘शिकलेली असहायता’ मांडली होती: काहीही केले तरी सुटका नाही असा अनुभव आला, की सुटका शक्य असतानाही प्राणी प्रयत्न सोडतो. जवळपास पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, त्यांनीच आपला सिद्धान्त उलटा केला. मोठ्या, लांबलेल्या आघातानंतर हातपाय गाळणे ही मेंदूची मूळ प्रतिक्रियाच आहे. शिकावी लागते ती ‘माझ्या करण्याने फरक पडतो’ ही जाणीव. कंपनी, ठेकेदार, ईएसआय, बोर्ड अशा चकरा मारणाऱ्या कामगाराला याच्या नेमका उलट धडा मिळतो. तारीख त्याच्या हातात नसते, कागद त्याच्या हातात नसतो. त्यामुळे अर्जाचे काम वेळेत होणे हासुद्धा मानसिक उपचारच आहे.

माणूस किती सावरतो?

याबाबत दोन टोकाच्या समजुती आहेत. एक, असा माणूस कायमचा दुःखी राहतो. दुसरी, वेळ हे सगळ्यावर औषध आहे. दोन्ही अर्धवट आहेत.

गॅरी अल्ब्रेक्ट आणि पॅट्रिक डेव्हलीगर यांनी 1999 मध्ये गंभीर अपंगत्व असलेल्या लोकांना त्यांच्या जगण्याविषयी विचारले. 54 टक्क्यांनी आपले आयुष्य ‘चांगले’ किंवा ‘उत्तम’ असल्याचे सांगितले. बाहेरचा माणूस त्यांच्या जागी स्वतःला ठेवतो तेव्हा त्याला फक्त गेलेली गोष्ट दिसते. आतल्या माणसाच्या आयुष्यात मुलांची शाळा, क्रिकेट, मित्र, भिशी हे सगळे चालूच असते. पण याला दुसरी बाजू आहे. रिचर्ड लुकास यांनी 2007 मध्ये हजारो लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अपंगत्वानंतर घसरलेले समाधान सरासरीने पूर्ववत झाल्याचे आढळले नाही. सावरणे आपोआप घडत नाही. काम, पैसा आणि माणसे मिळाली तर घडते.

‘आधी नाकारणे, मग राग, मग घासाघीस, मग नैराश्य, मग स्वीकार’ अशी पायऱ्यांची शिडी अनेकांनी ऐकलेली असते. एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी ती 1969 मध्ये मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांविषयी मांडली होती. प्रत्येक जखमी माणूस याच क्रमाने जातो असे संशोधनात दिसत नाही. जो रडला नाही तो ‘आतून कुढतोय’ असे धरून चालू नये, आणि जो वर्षाने रडला त्याला ‘अजून तेच काय’ असे म्हणू नये.

खडकीत काय जमले?

पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, दापोडीच्या पलीकडे खडकी आहे. जखमी सैनिकांना नवी कामे शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट तिथे आहे. ती 1917 मध्ये, पहिल्या महायुद्धात अपंग झालेल्या भारतीय सैनिकांसाठी मुंबईत सुरू झाली आणि पुढे खडकीत आली. मणक्याच्या इजेने कमरेखाली लुळे झालेल्या जवानांचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 चे. वानवडीत 1944 पासूनचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. लष्कराने एक गोष्ट लवकर ओळखली. अवयव, प्रशिक्षण आणि सोबती या तिन्ही गोष्टी एकत्र द्याव्या लागतात.

याच मातीतले उदाहरण मुरलीकांत पेटकर यांचे. सांगली जिल्ह्यातून आलेले, लष्कराच्या ईएमई दलातील मुष्टियोद्धे. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात व्यायाम म्हणून त्यांना पोहायला सांगितले गेले. 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पुण्याच्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, त्यांनी नोकरी केली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण जिद्दीच्या आधी काय होते तेही पाहायला हवे: पोहायला सांगणारा उपचार, सरावाचा तलाव आणि पुढे पगार देणारी कंपनी.

अल्बर्ट बंडुरा यांनी 1977 मध्ये सांगितले होते, की ‘मला जमेल’ हा विश्वास भाषणाने फारसा येत नाही. तो सर्वाधिक येतो स्वतः करून पाहिल्याने, आणि त्याखालोखाल आपल्यासारख्याच दुसऱ्याला करताना पाहिल्याने. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्यात अपंगत्व आले. स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने त्यांना उभारी दिली. पुढे त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. दहा डॉक्टरांनी ‘होईल’ म्हणण्यापेक्षा बोट नसलेल्या एका ऑपरेटरने समोर स्पॅनर फिरवून दाखवणे जास्त काम करते. प्रेस शॉपमधल्या जखमी कामगाराला नेमका असा माणूस भेटत नाही, कारण अनेकदा तोही गावी निघून गेलेला असतो.

कामावर परतायचे कसे?

वाहनउद्योगाच्या पुरवठा साखळीतील इजांवर काम करणारी सेफ इन इंडिया ही संस्था 2019 पासून ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल काढते. मानेसर-फरीदाबाद पट्ट्यात सुरू झालेले तिचे काम पुढे पुण्याच्या पट्ट्यातही आले. जखमींमध्ये स्थलांतरित आणि ठेक्यावरील कामगारांचा भरणा मोठा आहे, बोटांच्या इजा फार आहेत आणि पॉवर प्रेस हे त्यांचे मोठे कारण आहे, हे तिच्या अहवालांतून वारंवार पुढे आले आहे. ठेक्यावरचा माणूस सहा आठवडे आला नाही की त्याच्या जागी दुसरा येतो. कायम कामगाराला निदान ‘लाइट ड्युटी’ मागता येते.

ईएसआयमध्ये इजेच्या रजेत पगाराच्या 90 टक्के भत्ता मिळतो. तो हवाच. पण रजा लांबत गेली आणि कंपनीकडून एकही फोन आला नाही, की हातासोबत दिनक्रम, मित्र आणि ओळखही सुटते. त्यामुळे परतीचे नियोजन जखम भरण्याची वाट न पाहता सुरू करावे लागते. डॉक्टरांनी ‘फिट’ किंवा ‘अनफिट’ एवढेच न लिहिता काय जमेल ते लिहावे: पाच किलोपर्यंत उचलणे चालेल, कंप देणारे हत्यार नको, तपासणीचे काम चालेल. कंपनीने त्या यादीशी जुळणारे काम शोधावे: इन्स्पेक्शन, स्टोअर, पॅकिंग, हत्यारांची खोली (टूल क्रिब). सुरुवातीला अर्धी पाळी असावी. हे काम खरे असावे. कोपऱ्यात नुसते बसवून ठेवले तर बिचारेपणावर शिक्कामोर्तब होते.

> थोडक्यात
>
> • नसलेल्या बोटाची वेदना खरी असते. ते वेड नाही. डॉक्टरांना सांगा.
>
> • थोटूक आणि उरलेली बोटे डॉक्टर-थेरपिस्टच्या सल्ल्याने लवकर वापरात आणा.
>
> • भीती टाळल्याने वाढते, पायरीपायरीने सामोरे गेल्याने उतरते. मात्र आधी मशीन सुरक्षित हवे.
>
> • घरच्यांनी मदत करावी, पण जमणारी कामे काढून घेऊ नयेत.
>
> • दचकणे, झोप न लागणे, जगण्यात रस न वाटणे महिन्याहून अधिक टिकले तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणे नकोसे वाटले तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन 14416 विनामूल्य आहे आणि मराठीतही बोलता येते.
>
> • दिव्यांगांसाठीच्या योजनांची माहिती पिंपरीत मोरवाडी येथील महापालिकेच्या दिव्यांग भवनात मिळेल.

हे वाचणाऱ्यांत कुणी सुपरवायझर, एचआरमधला अधिकारी, युनियनचा पदाधिकारी किंवा छोट्या प्रेस शॉपचा मालक असेल, तर त्याच्यासाठी तीन कामे आहेत. अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात कामगाराला भेटायला जा आणि त्याची जागा राखून ठेवली आहे हे तोंडाने सांगा. याआधी बोट गमावून कामावर परतलेला एखादा माणूस सोबत न्या. आणि तो परत येण्याआधी ती प्रेस दुरुस्त करा, म्हणजे पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुणाच्या घरी जायची वेळ येणार नाही.